तुर्काच्या पंगतीला

आगमनकाळातील दुसऱ्या रविवारी, ७ डिसेंबर २०२५ रोजी, सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही घरची सहा माणसे नवी मुंबईतील एका साध्या उपाहारगृहात जेवावयास गेलो. पाटीवर 'टर्किश' हा शब्द ठळक अक्षरांत होता. आत साधी मेजे, भिंतीवर इस्तंबूलच्या मिनारांचे चित्र आणि दाराशीच उभ्या सळईवर विस्तवासमोर सावकाश फिरणारा मांसाचा मोठा लगदा. जागा मुलांनी निवडली होती. वसईहून आमच्याकडे राहावयास आलेले मोठे काका मात्र उंबऱ्याशीच थांबले.

"अरे, तुर्काकडे जेवायचे?" त्यांनी मला विचारले.

प्रश्न थट्टेचा नव्हता. त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली. मे महिन्यात भारताने कारवाई केली, तेव्हा तुर्कस्तानच्या सरकारने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली. पुण्याच्या फळबाजारातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले, अनेकांनी त्या देशाची सहल रद्द केली. काकांनीही त्या दिवसापासून तुर्की जर्दाळू घरात येऊ दिले नव्हते. आणि या ताज्या रागाखाली एक जुना थर होता. आमची आजी जपमाळेच्या सणाला लेपांतोच्या लढाईची गोष्ट सांगत असे. त्या गोष्टीत तुर्क हा नेहमी शत्रूच असे.

"काका, बसा तर खरे. मन नाही मानले तर उठू," मी म्हणालो. ते बसले. पुढ्यात आलेल्या पदार्थांच्या यादीने तासाभरात जो इतिहास उलगडला, तो येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहे.

रूमी आणि फिरंगी

प्रथम काकांच्या मनातील तुर्काविषयी. जुन्या मराठीत 'तुर्क' हा शब्द एका देशाच्या माणसापुरता नव्हता. मुसलमान तो तुर्क, अशी सरसकट समजूत होती. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. त्यातील तुर्क इस्तंबूलचा नव्हे, शेजारच्या आळीतला आहे. खुद्द तुर्कस्तानातून आलेल्याला आपल्याकडे 'रूमी' म्हणत. रूम म्हणजे रोम. पूर्वेच्या रोमन साम्राज्याची भूमी तुर्कांनी जिंकली, तरी त्या भूमीला जुने नाव चिकटून राहिले. पोर्तुगीजांनीही तोच शब्द उचलला आणि तुर्कांना 'रूमेस' म्हटले.

हे रूमी दख्खनमध्ये आले ते विशेषतः तोफांचे जाणकार म्हणून. इ. स. १५४९ मध्ये अहमदनगर येथे एका रूमी उस्तादाने 'मलिक-ए-मैदान' ही अवाढव्य तोफ ओतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. 'तोफ' हा शब्दच मुळी तुर्की. कैची, चकमक, कुमक हे शब्द त्याच भाषेतून फारसीच्या वाटेने मराठीत उतरले. मशालची, तबलची यांतील 'ची' हा प्रत्ययही तुर्कीच. आणि आपल्या स्वयंपाकघरातील खिमा म्हणजे तुर्की 'कियमा', तर कोर्मा म्हणजे 'कावुर्मा'. ज्याला आपण परका म्हणतो, त्याचे शब्द आपल्या पातेल्यात कित्येक पिढ्या शिजत आहेत.

आपल्या ख्रिस्ती समाजाच्या आठवणीत मात्र तुर्क वेगळ्या रूपाने आहे, आणि त्याला कारणे आहेत. नवी मुंबईच्या पलीकडच्या तीरावर असलेल्या ठाण्यात इ. स. १३२१ मध्ये तोलेंतिनोचे धन्यवादित थॉमस व त्यांचे फ्रान्सिस्कन सोबती हुतात्मे झाले. त्या वेळी दिल्लीच्या गादीवर तुघलकांचे तुर्की वंशाचे घराणे होते. दोन शतकांनंतर, १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर चारच वर्षांनी, १५३८ मध्ये, सुलेमान पाशा तुर्की आरमार घेऊन दीवच्या किल्ल्यावर चालून आला. वेढा फसला, पण 'रूमेस पुन्हा येतील' ही भीती किनाऱ्यावर दीर्घकाळ वावरत राहिली. १५७१ साली अहमदनगरच्या निजामशाही फौजेने चौलला घातलेला वेढा पोर्तुगीजांनी परतवला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला दूर ग्रीसच्या समुद्रात लेपांतो येथे ख्रिस्ती आरमाराने तुर्की आरमाराचा पराभव केला. परमगुरू पाचवे पायस यांनी त्या विजयाचे श्रेय पवित्र मातेच्या जपमाळेला दिले, आणि आपला ऑक्टोबरमधील जपमाळेचा सण त्या घटनेतून रूढ झाला. आजीच्या गोष्टीचा उगम हा असा आहे. ती गोष्ट खोटी नाही. फक्त ती तुर्कस्तानची सगळी गोष्ट नाही.

यादीतील गावे

उरलेली गोष्ट आमच्या मेजावरच्या यादीत होती. तुर्की पदार्थांना पुष्कळदा गावांची नावे असतात, जसे आपण कोल्हापुरी रस्सा किंवा मालवणी कालवण म्हणतो तसे. काका चष्मा लावून एकेक नाव मोठ्याने वाचू लागले.

पहिले नाव होते 'अदाना कबाब'. हाताने बारीक चिरलेले मेंढीचे मांस, त्यात शेपटीकडची चरबी आणि लाल मिरची मिसळून रुंद सळईवर थापायचे व कोळशावर भाजायचे, अशी त्याची रीत. अदाना हे तुर्कस्तानच्या दक्षिणेकडील मोठे शहर. तेथून सुमारे ४० किलोमीटरवर तार्स आहे. तेच तार्स, जेथे संत पौल जन्मला. ज्या मिरचीमुळे अदाना कबाब ओळखला जातो, ती मिरची कोलंबसानंतर अमेरिकेतून जुन्या जगात आली. आपल्या ईस्ट इंडियन घरांतील बाटली मसाल्यातली मिरचीही त्याच प्रवासातली. पौलाच्या काळी ना तार्समध्ये मिरची होती, ना वसईत.

दुसरे नाव 'उर्फा कबाब'. हा अदानापेक्षा सौम्य. उर्फा म्हणजे प्राचीन एदेसा. भारतीय ख्रिस्ती माणसाने हे नाव विसरू नये. प्रेषित संत थॉमसचे अवशेष भारतातून एदेसा येथे नेण्यात आले अशी प्राचीन परंपरा आहे. चौथ्या शतकात संत एफ्रेम यांनी त्यावर स्तोत्रे लिहिली. 'थॉमसची कृत्ये' हा प्रेषिताच्या भारतयात्रेची कथा सांगणारा सिरियाक भाषेतील ग्रंथ त्याच परिसरात निर्माण झाला असे अभ्यासक मानतात. आपण ३ जुलैला संत थॉमसचा सण पाळतो, त्या तारखेचा संबंधही हे अवशेष एदेसास नेण्याच्या स्मरणाशी जोडला जातो. उर्फ्यापासून जवळच हारान आहे. अब्राहाम देवाच्या हाकेला ओ देऊन कनान देशाकडे निघाला तो या हारानहून. म्हणून त्या भागात अब्राहामाच्या नावाला मोठा मान. भरल्या, सर्वांना मोकळ्या असलेल्या जेवणाला तुर्की भाषेत 'हलील इब्राहिमचे मेज' असे म्हणतात. मम्रेच्या एलोन झाडांखाली तीन अनोळखी पाहुण्यांना वाढणारा अब्राहाम तो हाच.

तिसरे नाव 'इझमीर कोफ्ते'. इझमीर म्हणजे स्मुर्णा, वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांनी हौतात्म्य पत्करले ते नगर.

चौथे नाव 'इस्केंदर कबाब'. पावाच्या तुकड्यांवर मांसाचे पातळ काप, टोमॅटोचा रस, वरून कढवलेले लोणी आणि बाजूला दही. हा पदार्थ बुर्सा शहरातील इस्केंदर एफेंदी यांच्या घराण्याचा. घराणे आपली परंपरा १८६७ पासून सांगते. आता पाहा, याच बुर्सा प्रांतात इझनिक नावाचे सरोवराकाठचे गाव आहे. इझनिक म्हणजे निकेया. इ. स. ३२५ मध्ये तेथे धर्मपरिषद भरली आणि आपण रविवारच्या मिस्सेत जो श्रद्धांगीकार म्हणतो त्याची मांडणी तेथे झाली. त्या घटनेला १७०० वर्षे झाली म्हणून २८ नोव्हेंबर २०२५ रोजी परमगुरू चौदावे लिओ इझनिकला गेले व कुलगुरू बार्थोलोमिओस यांच्यासह त्यांनी तेथे प्रार्थना केली. आमच्या त्या जेवणाच्या नऊच दिवस आधी.

"म्हणजे पोपमहोदय तुर्काकडे जाऊन आले," काका म्हणाले. ते थोडे हसले, आणि त्यांनी मसूरडाळीचे गरम सार पुढे ओढले. त्याला तुर्कीत 'चोर्बा' म्हणतात. आपला शोरबा तोच.

फिरणारे मांस

दाराशी फिरत असलेल्या त्या सळईचीही कथा सांगण्याजोगी आहे. मांस आडव्या सळईवर भाजण्याची रीत फार जुनी. सळई उभी करून, बाजूने विस्तव ठेवून, भाजलेला थर सुरीने उतरवीत जाण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्यात रूढ झाली. जेम्स रॉबर्टसन यांनी १८५५ च्या सुमारास घेतलेल्या एका छायाचित्रात ती दिसते. तुर्कीत तिला 'दोनेर' म्हणतात, म्हणजे फिरणारे. अरबांनी तुर्की 'चेविर्मे' या शब्दाचे 'शावर्मा' केले. त्याचाही अर्थ फिरवणे. ग्रीकांनी 'गिरोस' म्हटले. अर्थ पुन्हा तोच.

हा पदार्थ नावाप्रमाणेच जगभर फिरला, आणि त्याला फिरवले ते पोटासाठी देशोधडी लागलेल्या माणसांनी. उस्मानी राज्यातील लेबनॉनमधून विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक कुटुंबे मेक्सिकोला गेली. त्यांत बहुसंख्य ख्रिस्ती होती. त्यांनी पुएब्ला शहरात ही उभी सळई मांडली. पुढे मेंढीच्या जागी डुकराचे मांस आले आणि मेक्सिकोच्या कॅथलिक जनतेचा तो रस्त्यावरचा आवडता पदार्थ झाला. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. त्या करारान्वये गेलेल्या कामगारांनी बर्लिनमध्ये दोनेर पावात भरून विकण्यास प्रारंभ केला. उभ्या उभ्या खाता येईल असे ते कामगाराचे जेवण. आपला वडापाव गिरणगावात आणि स्थानकांबाहेर ज्या कारणाने वाढला, त्याच कारणाने तेही वाढले.

आपल्याकडे हा पदार्थ आला तो आखाताच्या मार्गाने. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले व आखाती देशांत कामे निघाली. केरळ, मंगळूर, गोवा, मुंबई, वसई येथून घरटी एकेक माणूस तिकडे गेला. आपल्यातील कितीतरी घरांच्या भिंती कुवेत व दुबईच्या पगारावर उभ्या आहेत. शुक्रवार ही तेथील सुट्टी, म्हणून तेथील चर्चमध्ये रविवारची उपासना शुक्रवारीही होत असे. दुबईच्या सेंट मेरीज चर्चमधून मिस्सा ऐकून बाहेर पडलेला आपला माणूस कोपऱ्यावरच्या लेबनीज किंवा सीरियन दुकानात शावर्मा घेई. स्वस्त, पोटभर, आणि बोलायला कोणी नसले तरी चालणारे जेवण. तोच माणूस परतला, आणि त्याची ती चवही परतली.

ती नवी मुंबईत रुजावी यात नवल नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेली खाडीपलीकडच्या शहराची कल्पना हळूहळू प्रत्यक्षात आली. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल धावू लागली. आगरी-कोळी भूमिपुत्रांच्या जमिनीवर हे नगर उभे राहिले, आणि उरलेले आपण सारे कोठून ना कोठून आलेले. आमच्या धर्मग्रामात वसईकर आहेत, अहमदनगरकडचे आहेत, गोवेकर, मंगळुरी, मलबारी आहेत. प्रत्येकाने येताना आपले पातेले बरोबर आणले.

मांसाचे काप घेऊन आलेल्या पोरसवदा वाढप्याला काकांनी विचारले, "बाळा, तू तुर्कस्तानचा का?"

तो लाजला. "नाही बाबा, मी मालद्याचा. बंगाल," तो मोडक्या मराठीत म्हणाला. आणि सळईशी उभा असलेला उस्ताद? तो बिहारचा, काम शारजात शिकलेला. त्या तुर्की उपाहारगृहात तुर्क असा एकही नव्हता.

पंगत आणि विटाळ

तुर्कस्तानात अशा साध्या जेवणघराला 'लोकांता' म्हणतात. हा शब्द इटालियन भाषेतून आला. बाजारातील कारागीर, हमाल, कारकून यांच्यासाठी मोठ्या पातेल्यांतून तयार अन्न वाढणारी ही घरे म्हणजे आपली खानावळच. त्याहून जुनी संस्था 'इमारेत', म्हणजे धर्मादाय अन्नछत्र. सुलतान सुलेमानची राणी हुर्रेम हिने जेरुसलेम येथे १५५२ साली असे छत्र घातले. त्या साम्राज्याच्या फौजेतही अन्नाचा असा मान होता की जानिसारी पलटणीच्या नायकाला 'चोर्बाजी', म्हणजे सार करणारा, म्हणत. शिपाई बंडाला उठले की ते आपली कढई पालथी घालीत. सुलतानाचे अन्न नाकारले म्हणजे त्याच्याशी नाते तोडले.

अन्न नाकारून नाते तोडण्याची ही भाषा आपल्याला वेगळी शिकवावी लागत नाही. मुंबईच्या गिरणगावातील खानावळी पुष्कळदा गावाच्या आणि जातीच्या असत. कोणी कोणाच्या हातचे खावे याचे नियम गावाहून शहरात आले. त्या नियमांना मोठा धक्का दिला तो इराणी हॉटेलांनी. तेथे एकाच मेजावर ब्राह्मण कारकून, दलित गिरणी कामगार, मुसलमान गाडीवान आणि आपला ख्रिस्ती खलाशी पुढ्यात चहा-ब्रूनमस्का घेऊन बसे. जात विचारण्याची तेथे सोयच नव्हती. परदेशी माणसाच्या साध्या उपाहारगृहाने या महानगराला एकत्र बसण्याची सवय लावली, हे ऋण मान्य केले पाहिजे.

आणि आपला समाज? वसई, साष्टी आणि गोवा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक हकीगत सर्वांना ठाऊक आहे. गावच्या विहिरीत पाव टाकला, गावकरी नकळत ते पाणी प्याले, आणि एवढ्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना बाटलेले ठरवले, असे म्हणतात. धर्मांतराचा खरा इतिहास याहून पुष्कळ गुंतागुंतीचा आहे, परंतु ही हकीगत टिकली ती तिच्यातील वेदनेमुळे. कालपर्यंत एका पंगतीला बसणारी माणसे एका पावाच्या तुकड्यावरून कायमची उठली. 'पाववाला' ही शिवी आपल्या आजोबांनी ऐकली. आजही भाड्याचे घर शोधताना 'घरात काय शिजते' हा प्रश्न आपल्या तरुण जोडप्यांना विचारला जातोच. पंगतीतून उठवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळावे?

अंत्युखियातील भांडण

शेवटी गोड पदार्थ आला. 'कुनेफे'. शेवयांसारख्या बारीक तारांच्या दोन थरांत अळणी चीज, वर पाक आणि पिस्ते. गरम असतानाच खावे लागते. हा पदार्थ अंताक्या शहराचे भूषण आहे. अंताक्या म्हणजे अंत्युखिया.

येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव सर्वप्रथम अंत्युखियात मिळाले, असे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. 'कॅथलिक' हा शब्द ख्रिस्तसभेसाठी वापरल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या एका पत्रात आहे. लिहिणारे अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशस, आणि पत्र स्मुर्णाकरांना. म्हणजे आपली दोन्ही नावे आज तुर्कस्तानात असलेल्या भूमीत जन्मली.

आणि याच अंत्युखियात आपल्या सभेतील पहिले मोठे भांडण झाले, तेही जेवणावरून. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते नोंदले आहे. पेत्र अंत्युखियात आला तेव्हा परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर मोकळेपणाने जेवत असे. पुढे याकोबाकडून काही माणसे आली. सुंता झालेले लोक काय म्हणतील या भीतीने पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. इतर यहुदी बांधवांनी त्याचे अनुकरण केले. बर्णबासारखा प्रेमळ माणूसही त्यांच्याबरोबर उठला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर विरोध केला. त्या दिवशी प्रश्न शुद्ध-अशुद्ध मांसाचा नव्हता. परक्या वंशाचा माणूस आपल्या शेजारी बसण्यास लायक आहे की नाही, हा होता. पौल गप्प बसला असता, तर आपल्यासारख्या कोकणातील परराष्ट्रीयांना प्रभूच्या मेजावर जागा कोठली?

तुर्कस्तानच्या भूमीवर ख्रिस्ती माणसाने सोसले ते झाकण्याचे कारण नाही. १९१५ मध्ये आर्मेनियन व सिरियाक ख्रिस्ती लोकांची भयंकर कत्तल झाली. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत सुमारे १२ लाख ग्रीक ख्रिस्ती पिढीजात घरांना मुकले, आणि ग्रीसमधील सुमारे ४ लाख मुसलमानही. आज तेथे ख्रिस्ती शेकडा एकही उरलेले नाहीत. ५ फेब्रुवारी २००६ रोजी फादर आंद्रेया सांतोरो त्राब्झोनच्या चर्चमध्ये प्रार्थना करीत असताना गोळीला बळी पडले. २०२० मध्ये हागिया सोफिया पुन्हा मशीद करण्यात आली. तरीही त्याच देशात १९३५ ते १९४४ पर्यंत परमगुरूंचे प्रतिनिधी म्हणून राहिलेले आर्चबिशप रोंकाल्ली तेथील लोकांवर प्रेम करू लागले, त्यांनी चर्चमधील प्रार्थनांत तुर्की भाषेला स्थान दिले, आणि युद्धकाळात पळून आलेल्या यहुद्यांना साहाय्य केले. तेच पुढे तेविसावे योहान म्हणून परमगुरू झाले.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात अंताक्या जमीनदोस्त झाले. तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक माणसे गेली. जवळच्या इस्केंदरून येथील आपले कॅथेड्रल कोसळले. त्या वेळी भारताने तातडीने मदतपथके धाडली, आणि आपल्या सैन्याने इस्केंदरून येथेच रुग्णालय उभारले. मोहिमेचे नाव होते 'ऑपरेशन दोस्त'. दोस्त हा शब्द तुर्कीतही मित्र याच अर्थाने आहे. दोन वर्षांनी त्या देशाच्या सरकारने जे केले त्यामुळे आपल्याला दुःख झाले ते म्हणूनच अधिक.

काकांचा राग त्यामुळे मला अनाठायी वाटत नाही. एखाद्या राष्ट्राचा माल न घेणे हा नागरिकाचा हक्क आहे, व व्यापाऱ्यांनी तो बजावला. पण मालावरील बहिष्काराला शेवट असतो. त्या सरकारचे वर्तन सुधारले की तो उठतो. माणसाच्या जातीवर, धर्मावर, वंशावर घातलेल्या बहिष्काराला शेवट नसतो, कारण त्यात माणसाने सुधारण्यासारखे काहीच नसते. पहिल्या प्रकाराआडून दुसरा प्रकार आपल्या घरात शिरत नाही ना, एवढे प्रत्येक कुटुंबाने तपासावे. त्या संध्याकाळी आमच्या पुढ्यातील अन्न रांधणारा बिहारचा होता, वाढणारा मालद्याचा. आम्ही उठून गेलो असतो तर शिक्षा इस्तंबूलला नव्हे, त्यांना झाली असती. आणि समजा सळईशी खरोखरच एखादा तुर्क उभा असता, तरी अंत्युखियातील प्रश्न बदलला नसता.

निघताना काकांनी मालद्याच्या त्या मुलाला जवळ बोलावले, घरी कोण कोण आहे ते विचारले, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली तर आमच्याकडे जेवायला ये म्हणून सांगितले. पत्ता लिहून देण्यासाठी त्यांनी माझ्याकडे पेन मागितले.

"आमच्याकडे फुगे असतात आणि डुकराचे सारपातेल," ते म्हणाले. मग क्षणभर थांबून, "तुला चालणार नसेल तर कोंबडी वेगळ्या भांड्यात करायला सांगतो."